तोंडदेखला

ओव्हनमध्ये कोपरापर्यंत हात घालून फ्यूजमामा उभे होते. आतला दिवा लागलेला होता, पंखा घुमत होता, काचेवरचे आकडे एकेक पायरी चढत दोनशेवर जाऊन थांबले होते, आणि हाताला मात्र कपड्यांच्या कपाटात घातल्यासारखं वाटत होतं. दोनशे अंशांच्या ओव्हनमध्ये हात घालणारा माणूस एक तर वेडा असतो, नाहीतर मेकॅनिक. मामा मेकॅनिक होते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरचे ओव्हन, गिझर, इस्त्र्या आणि मिक्सर ताळ्यावर आणले होते, आणि त्या नादात त्यांचं खरं नाव गल्ली कधीच विसरून गेली होती.

घंटा वाजली. चाळीस मिनिटं झाली, पाव तयार, असं ओव्हनचं म्हणणं होतं. साच्यातलं पीठ फुगून, वाट बघून, कंटाळून मधोमध खाली बसलं होतं. कच्चं ते कच्चंच.

"असं का," मामा ओव्हनला म्हणाले. घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

शनिवारी पाव भाजायचा हा मूळचा मामींचा नेम. त्या जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्यामागे मामांनी तो नेम उचलला. पहिल्या सहा महिन्यांत त्यांनी जे पाव केले त्यांनी भिंतीत खिळा ठोकता आला असता, पण पुढे हात बसला. शनिवारी पाव, आणि रविवारी संध्याकाळी पाच वाजता मुलीचा फोन. आठवड्याला या दोन खुंट्या होत्या, आणि बाकीचे पाच दिवस त्यांच्यामध्ये दोरीवर टाकलेल्या धोतरासारखे लोंबत असायचे. मुलीला मामा ठिणगी म्हणत. लहानपणी होतीच तशी, आणि मेकॅनिकच्या घरी दुसरं काय नाव पडणार? ती लग्न होऊन रात्रभराच्या प्रवासाइतकी लांब गेली होती, एका कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होती, आणि आता चाळिशीला आली होती.

ओव्हनने नेमका हाच मुहूर्त साधावा याचा मामांना फार राग आला, आणि त्याला कारण होतं. मागच्याच शनिवारी ठिणगी न कळवता आली होती. स्वतःजवळच्या किल्लीने तिने दार उघडलं, तर स्वयंपाकघर धुराने कोंदलेलं, ओव्हन पेटल्यासारखा तापलेला, साच्यात पावाचा कोळसा, आणि वडील घरात नाहीत. वडील न्हाव्याकडे होते. दाढी करून, गालाला तुरटी लावून, शीळ घालत आले, तेव्हा मुलगी सगळ्या खिडक्या उघडून ओला टॉवेल नाकाशी धरून बसलेली.

"खाली दारात एक ओळखीचा भेटला," मामा म्हणाले. "बोलता बोलता पाच मिनिटं गेली असतील."

पाच मिनिटांत पावाचा कोळसा होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. ठिणगीने नुसता साचा नळाखाली धरला. संध्याकाळी मात्र बोलली, "बाबा, आता आमच्याकडे चला. खोली रिकामीच आहे." मामा म्हणाले, "मी काय पार्सल आहे का, पत्ता बदलला की उचलून न्यायला?" मग थोडी वादावादी झाली. सोमवारी सकाळी तिने आपणहून ओव्हन घासूनपुसून लख्ख केला, जाळ्या धुतल्या आणि ती निघून गेली.

आणि आता हा असा. मुलीला सांगायची सोय नव्हती. सांगितलं की ती म्हणणार, बघा, स्वतःच्या घरचा ओव्हन तुम्हाला दुरुस्त होत नाही आणि एकटे राहायचं म्हणता. रविवारी पाच वाजता फोन वाजला.

"पाव केलात का बाबा काल?"

"केला की."

"झाला नीट?"

"नीट म्हणजे काय, झकास झाला."

 तिने एकदम हवापाण्याचं काहीतरी विचारलं.

सोमवारी मामांनी मेन स्विच पाडला, दार उघडून चौकटीच्या दोन्ही बाजूंचे स्क्रू काढले आणि ओव्हन भिंतीतल्या कपाटातून ओढायला घेतला. हे खरं दोन माणसांचं काम. पूर्वी मामी एक बाजू धरायच्या, आणि धरता धरता बोलायच्या, आणि मामा म्हणायचे, तोंडाने धरू नकोस, हाताने धर. आता मामांनी जेवणाचं टेबल भिंतीला लावलं, त्यावर पाट ठेवला, पाटावर जुन्या दोन जाडजूड डिरेक्टऱ्या, आणि ओव्हन बोट बोट सरकवत त्यावर घेतला. त्यात सगळी सकाळ गेली आणि कंबर धरली.

एलिमेंट म्हणजे ओव्हनची आतली तापणारी तार. ती तुटली की दिवा लागतो, पंखा फिरतो आणि आत गारठा, त्यामुळे मामांचा पहिला संशय तिच्यावर होता. मल्टीमीटरची दोन्ही टोकं तिला लावून पाहिली. एलिमेंट शाबूत. फार तापलं तर वीज तोडणारं एक बोटभर बटण मागच्या बाजूला असतं, तेही शाबूत. तापमान मोजणारी कांडी तपासली, वायरींची टोकं एकेक ओढून पाहिली, दाराची रबरी पट्टी एका कोपऱ्यात निसटली होती ती हुकात बसवली. हे सगळं टॉर्च दातांत धरून. टॉर्च धरायला माणूस लागतो ही गोष्ट चाळीस वर्षांत त्यांच्या कधी ध्यानात आली नव्हती, कारण ज्याच्या घरी जावं तिथे कुणी ना कुणी टॉर्च धरून उभं असायचंच. तोंडात टॉर्च असल्यामुळे शिवीसुद्धा नीट देता येईना.

सगळं ठीक होतं. ओव्हन परत आत बसवला, मेन टाकला, बटण दाबलं. दिवा, पंखा, दोनशे, आणि गारठा.

दुसऱ्या शनिवारी मामांनी पीठसुद्धा भिजवलं नाही. कोपऱ्यावरच्या बेकरीत गेले. काउंटरवरची बाई म्हणाली, "मामा, तुम्ही आणि विकतचा पाव? सूर्य कुठे उगवला आज?" मामा म्हणाले, "पाहुण्यांसाठी हवाय." ज्या घरात पंधरा-पंधरा दिवस दारावरची घंटा वाजत नव्हती, त्या घरच्या पाहुण्यांसाठी त्यांनी एक पाव घेतला आणि तो मंगळवारपर्यंत पुरला.

खोट्याची एक खोड आहे, ते एकदा बोलून भागत नाही. रविवारी ठिणगीने पुन्हा विचारलं, जरा जपूनच विचारलं, "पाव झाला का हो बाबा?" मामांना वाटलं, नुसतं झाला म्हटलं तर हिला शंका येईल. म्हणून त्यांनी सोय केली.

"असा फुगला म्हणतेस! साच्याच्या वर बोटभर. वास पार जिन्यापर्यंत गेला. वरच्या मजल्यावरची म्हातारी विचारत होती."

"आणि खाल्लात तुम्ही?"

"खाल्ला म्हणजे? गरमगरम. ओव्हन आता पहिल्यापेक्षा बरा तापतोय बघ."

"बरं," ठिणगी म्हणाली. आवाज असा, जसा आपण तापातल्या पोराशी बोलतो. मामांना तो लागला, पण कारण कळेना.

तिसऱ्या रविवारी कळलं, म्हणजे अर्धं कळलं. तिने पावाचं काही विचारलंच नाही. म्हणाली, "बाबा, येत्या शनिवारी आम्ही दोघं येतोय, गाडी घेऊन. तुमचे थोडे कपडे बांधून ठेवा. औषधं, चष्मा, कागदपत्रं. आणि सोमवारी इकडच्या एका डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"मला काय झालंय?"

"काही नाही. विसरण्याबिसरण्याचे डॉक्टर असतात. नुसतं दाखवायचं."

"मी कुठेही येणार नाही."

"बाबा," ती म्हणाली. तिला पुढे बोलता येत नव्हतं हे मामांना ऐकू येत होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या ठिणगीला कसं विझवायचं ते त्यांना येत होतं.

म्हणजे आता सहा दिवस. सहा दिवसांत ओव्हन तापला, शनिवारी दारातच तिच्या हातात गरम पाव ठेवता आला, तर काही बोलायची सोय होती. नाहीतर ही भिंत, हे टेबल, डब्यांवरच्या मामींच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या, सगळं कुलपात जाणार आणि आपण कुणाच्या तरी घरातल्या रिकाम्या खोलीत. जावई भला माणूस होता, तो काही बोलला नसता. पण भल्या माणसाच्या घरी पाय पसरून बसायलासुद्धा लाज वाटते. मामांनी पुन्हा टेबल ओढलं. पुन्हा पाट, पुन्हा डिरेक्टऱ्या. मंगळवारी, बुधवारी त्यांनी तोच ओव्हन तसाच तपासला आणि तो तसाच शाबूत निघाला. रोग नाही आणि रोगी थंड, असं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. बुधवारी संध्याकाळी ते जमिनीवर बसले आणि त्यांना पहिल्यांदा खरंच वाटलं की ठिणगी म्हणते ते बरोबर असेल, आपल्याला आता कळेनासं झालं असेल. त्यांना फार भीती वाटली.

गुरुवारी दुपारी त्यांनी ओव्हन शेवटचा आत ढकलला, स्क्रू आवळले आणि करायला दुसरं काही उरलं नाही म्हणून काच पुसायला घेतली. आकड्यांच्या डाव्या कोपऱ्यात पिठाचा एक ठिपका होता. तीन आठवडे तो तिथे होता, मामांनी तो रोज पाहिला होता, आणि कामाच्या माणसाने पिठाच्या ठिपक्याकडे काय लक्ष द्यायचं म्हणून सोडून दिला होता. ओल्या फडक्याने घासला, गेला नाही. नखाने खरवडला, गेला नाही. व्हिनेगर लावावं म्हणून आधी मेन पाडला, तर ठिपका गेला. मेन टाकला, ठिपका आला.

पिठाचा ठिपका वीज गेल्यावर जात नाही. मामांनी भिंग आणलं. मोहरीएवढा चौकोन होता, प्रकाशाचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मामा मटकन स्टुलावर बसले.

चौदा वर्षांपूर्वी हा ओव्हन एका दुकानातून आणला तेव्हा तो तिथे मांडून ठेवलेला नग होता. घरी भिंतीत बसवला, दिवा लागला, पंखा फिरला आणि आत काही तापेना. मामांना तेव्हा लगेच कळलं होतं. दुकानात मांडायच्या ओव्हनला एक खास सोय असते. गिऱ्हाइकाला सगळं चालू दिसतं, पण तापत काही नाही, नाहीतर दिवसभर वीज जायची आणि कुणाचा तरी हात भाजायचा. ती सोय काढायची तर मेन पाडून पुन्हा टाकायचा आणि एका मिनिटाच्या आत दोन्ही टोकांची बटणं एकदम दाबून दहा आकडे मोजायचे. घालायची असली तरी तसंच. मामा मेनपाशी उभे राहिले होते आणि लग्नाला आलेली ठिणगी बटणं दाबून मोठ्याने दहा मोजत होती. मामींनी विचारलं होतं, "म्हणजे नुसताच देखावा? आत काही नाही?" आणि मग म्हणाल्या होत्या, "तोंडदेखलाच की गं हा. तुझ्या धाकट्या आत्यासारखा." त्यावर तिघंही पोट धरून हसले होते. घरात तो शब्दच पडून गेला. कुणी पाहुणा 'या हो एकदा आमच्याकडे' म्हणून पत्ता न देता गेला की मामी दार लावून म्हणायच्या, तोंडदेखला.

तो मोहरीएवढा चौकोन त्या सोयीची खूण होता. आणि ती सोय घासतापुसता चुकून लागत नाही. मेन पाडावा लागतो, टाकावा लागतो, दोन अंगठ्यांनी दहा मोजावे लागतात. हे जगात तीन माणसांना माहीत होतं. त्यातलं एक गेलं होतं. एक स्टुलावर बसलं होतं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलायचं कुणाला? मामांना आधी संताप आला. बापाच्या ओव्हनची तार न तोडता, स्क्रूलासुद्धा हात न लावता, बापानेच शिकवलेल्या युक्तीने तिने तो गार करून ठेवला होता. मग जरा कौतुकही वाटलं, हात सफाईदार आहे म्हणून. आणि मग तिसरी गोष्ट त्यांच्या लक्षात आली, आणि राग, कौतुक सगळं जागच्या जागी थिजलं.

ओव्हन थंड आहे हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि त्या थंड ओव्हनमध्ये पाव कसा फुगला, वास कसा जिन्यापर्यंत गेला, गरमगरम कसा खाल्ला, हे बापाने तिला दोन रविवार रंगवून रंगवून सांगितलं होतं.

मामांनी फोन उचलला. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांनी तिला कधी फोन केला नव्हता. पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"बाबा? काय झालं? आज गुरुवार आहे."

"गुरुवार आहे ते माहितीय मला."

"मग?"

"ओव्हन तोंडदेखला झालाय."

पलीकडे कचेरीतले आवाज येत होते. मग पावलं ऐकू आली, एक दार लागलं आणि आवाज बंद झाले.

"कधी कळलं तुम्हाला?"

"आत्ता. साडेतीनला."

"आत्ता?" ठिणगीचा आवाज फाटला. "बाबा, मला वाटलं होतं त्याच शनिवारी कळेल. तुम्हाला कळायला किती वेळ लागतो? मला वाटलं, फोन करून माझ्या नावाने शंख कराल. रविवारी मी फोन हातात घेऊन बसले होते, आता शिव्या येतील म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, झकास झाला."

"हं."

"मग म्हणालात, बोटभर वर आला. वरच्या आजींनी विचारलं. गार ओव्हनमधला पाव, बाबा. माझ्या घशाखाली घास उतरला नाही त्या दिवशी."

"तुला वाटलं, म्हातारा गेला कामातून."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"मेकॅनिकच्या घरचा ओव्हन बंद आहे, हे कुठल्या तोंडाने सांगू?" मामा म्हणाले. "आणि तुला सांगू? तू लगेच म्हणाली असतीस, तुम्हाला आता होत नाही."

"म्हणाले असते," ठिणगी म्हणाली, आणि नाक ओढत हसली. "मी तरी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच दिवशी काढून टाकलं असतं."

"काढलं असतं."

इथे फोन ठेवला असता तर मामा जिंकले होते. डोकं शाबूत ठरलं होतं, मुलगी वरमली होती, शनिवारची गाडी रिकामी परत गेली असती. फोन ठेवायचं त्यांच्या मनात आलंही. पण समोर ओव्हनची काच होती आणि तिच्यात त्यांचं तोंड दिसत होतं.

"ऐक," ते म्हणाले. "त्या दिवशी दारात मला कुणी भेटलं नव्हतं."

"बाबा..."

"बोलू दे. पाव आत ठेवला आणि मी दाढीला गेलो. न्हाव्याकडे नंबर नव्हता, तरी पेपर वाचत बसलो. घरी ओव्हन चालू आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. घरात आलो, धूर बघितला, तुझा चेहरा बघितला, तरी नाही. साचा बघितला तेव्हा आठवलं."

मामांनी हातातलं फडकं घडी करून ओट्यावर ठेवलं.

"तर तू लावलंयस ते तसंच राहू दे," मामा म्हणाले. "मी हात लावणार नाही. दाबायची बटणं मला माहीत आहेत, तरी लावणार नाही. तुझ्या डॉक्टरकडेही येतो. घर तेवढं राहू दे माझ्याकडे."

"आणि पाव?"

"कोपऱ्यावर बेकरी आहे."

"शनिवारी आम्ही यायचं ना?"

"ये की. कपडे बांधायला नको, पाव खायला ये. मी मेनपाशी उभा राहीन, तू दहा मोज. चाळीस मिनिटं समोर बसू. जाताना परत दाबून जा."

"बरं," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "दर शनिवारी नाही जमणार बाबा."

"दर शनिवारी कोण म्हणतंय? महिन्यातून एकदा."

"बघते."

"बघ," मामा म्हणाले. 'बघतो' म्हणजे काय ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. चाळीस वर्षं ते गिऱ्हाइकांना हेच सांगत आले होते.

फोन ठेवल्यावर त्यांनी चहा केला आणि तो प्यायचा राहून गेला. संध्याकाळी ते उठले, मेन पाडला, पुन्हा टाकला, ओव्हनपाशी जाऊन दोन्ही बटणांवर अंगठे ठेवले आणि मोजायला लागले. सातपर्यंत गेले. मग अंगठे उचलले. चौकोन होता तिथेच होता.

त्यांनी ओव्हन दोनशेवर लावला, घड्याळ चाळीस मिनिटांचं, आणि स्टूल ओढून समोर बसले. दिवा लागला, पंखा घुमायला लागला, आकडे चढायला लागले. समोरच्या खिडकीतून कुणी पाहिलं असतं तर त्याला वाटलं असतं, या घरात काहीतरी भाजलं जातंय आणि कुणीतरी त्याची वाट बघतंय. त्यातलं अर्धं खरं होतं. मामा त्या उजेडाकडे बघत राहिले. मामी असत्या तर म्हणाल्या असत्या, काय ध्यान बसलंय. चाळीस मिनिटं घरात दुसरा आवाज झाला नाही.

घंटा वाजली तेव्हा ते सवयीने उठले, हात भाजू नये म्हणून दोन्ही हातांत फडकी घेतली आणि ओव्हनचं दार उघडलं.